देवळालीचे कापरेकर मास्तर

कळव्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की मुंब्रा, दिवा, कोपर ही स्थानके मागे पडतात आणि थोड्याच वेळात डोंबिवली येते. आमच्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी रोज या मार्गाने कामावर जातात. या स्थानकाच्या नावाने गणितात संख्यांचे एक कुळच ओळखले जाते, हे मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जी. आय. पी. रेल्वेच्या काळात या स्थानकाला डेम्लो म्हणत. तेथे सुचलेल्या संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी डेम्लो संख्या हे नाव दिले. १६५, १६६५, १६६६५ अशा त्या संख्या. पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज सहा, आणि मधे तोच सहा हवा तितक्या वेळा. ११, १११, ११११ यांचे वर्ग करून पाहिले तर १२१, १२३२१, १२३४३२१ अशी चढउतार मिळते, तीही याच कुळातली. गाडीची वाट पाहताना माणसे घड्याळाकडे पाहतात. हा तरुण आकडे पाहत होता.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आठ वर्षांचे असताना आई गेली आणि पुढचे संगोपन वडिलांनीच केले. फलज्योतिषावर आमचा विश्वास नाही. तथापि ग्रहांच्या मांडणीसाठी लागणारी लांबलचक आकडेमोड त्या घरात नित्य चालत असे आणि मुलाच्या हाती तीच राहिली, हे मान्य केले पाहिजे. शालेय शिक्षण खाडीपलीकडे, ठाण्यात झाले. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढील पदवी त्यांनी कधी घेतली नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

पुढील पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. गणित परिषदांना ते पदरमोड करून जात, आपले निबंध वाचत, आणि अनेक विद्वान त्यांच्या संख्यांना पोरखेळ समजून हसत. त्यांचे बरेच लेखन त्यांनी स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून किंवा फारशा नावाजलेल्या नसलेल्या नियतकालिकांतून आले. ज्या घरांत पहिल्याच पिढीने शाळेची पायरी चढली, अशा घरांतून आलेल्या आमच्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. आम्हांला विशेष वाटते ते असे की, या हसण्याने त्यांनी आपला विषयही बदलला नाही आणि शाळाही सोडली नाही.

१९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी जी गोष्ट मांडली, ती आज जगभर त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा कृती केली तरी ६१७४ च येते. सुरुवात कोठूनही करा, अधिकांत अधिक सात पायऱ्यांत मुक्काम गाठला जातो.

बीजगणिताच्या तासाला आम्ही याचा उपयोग करू लागलो, तो नाइलाजाने. फळ्यावर क्ष आला की नववीच्या वर्गातील निम्म्या माना खाली जात. त्या अक्षराची गरज का पडली, हेच मुलांना कधी कळलेले नसे. आता आम्ही प्रथम प्रत्येकाला स्वतःची संख्या निवडू देतो. ज्याचे उत्तर ६१७४ येत नाही, त्याला आपण उसना घेताना चुकलो हे शिक्षकांनी सांगावे लागत नाही. तो स्वतःच मागे जाऊन शोधतो. सर्व वर्ग एकाच संख्येवर पोचला की कोणीतरी विचारतेच, असे का होते? अक्षरे तेव्हा आणायची, त्याआधी नाही.

उतरत्या क्रमातील अंकांना अ, ब, क, ड म्हणू. पहिली संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, दुसरी १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केल्यास उरते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका असू शकतो. अशा जोड्या मोजल्या तर त्या ५४ भरतात. जवळजवळ नऊ हजार संख्यांची उत्तरे अवघी ५४! ती बाकांवर वाटून दिली की दोन तासांत वर्ग संपूर्ण सिद्धता हाताने पुरी करतो. पहिला फरक ६ आणि दुसरा २ ठेवला की ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४, हे कोणीतरी आनंदाने ओरडून सांगते. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत शांततेचा नियम आहे; या एका विषयापुरता तो आम्ही शिथिल केला आहे.

मास्तरांची दुसरी आवडती वस्तू म्हणजे स्वयंभू संख्या. २१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ३ मिळवली की २४ जन्मते, २४ पासून ३०, ३० पासून ३३. पण २० कोणापासून जन्मते? दशक अ आणि एकक ब धरल्यास ११अ + २ब = २० हवे. अ शून्य असेल तर ब दहा होतो, आणि तो अंकच नव्हे; अ एक असेल तर २ब = ९, आणि तेही जमत नाही. म्हणून २० ला जनक नाही. कोठे तिला कोलंबियन संख्या म्हणतात, तर कोठे देवळाली संख्या. विद्यापीठाचे नाव नसलेल्या मास्तरांच्या गावाचे नाव असे कोशात गेले.

मान्यता उशिरा आली. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संख्यांवर लिहिले आणि परदेशांतील वाचकांना देवळालीचे नाव कळले. घरची स्थिती मात्र ओढग्रस्तीची होती. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांनी गणिताच्या व विज्ञानाच्या शिकवण्या केल्या. १९८६ मध्ये ते वारले.

दहावीच्या मुलांना आम्ही आपापल्या जन्मवर्षाचा जनक शोधायला सांगतो. २०१० साली जन्मलेल्यांनी समीकरण मांडले तेव्हा दोन उत्तरे निघाली. एक २००४, कारण तिच्या अंकांची बेरीज ६. दुसरे १९८६, कारण त्याच्या अंकांची बेरीज २४. फळ्यावर १९८६ पाहून एका मुलीने भिंतीवरील मास्तरांच्या चित्राखालची वर्षे वाचली आणि मग १९०५ चा जनक शोधायला बसली. तो १८८४ निघाला.