विश्लेषण : आकाशातला ‘गुलाब’ शोधणाऱ्या कॅरोलिन हर्शेल कोण होत्या?

शर्मिष्ठा तारकासमूहातील एनजीसी ७७८९ या खुल्या तारकागुच्छाला ‘कॅरोलिनचा गुलाब’ म्हणतात. दुर्बिणीतून त्यातील ताऱ्यांच्या ओळी आणि मधल्या काळ्या वाटा पाकळ्यांसारख्या दिसतात. ज्यांचे नाव त्याला मिळाले, त्या कॅरोलिन हर्शेल यांना मात्र स्वतःसाठी आकाश पाहायला फार थोड्या रात्री मिळाल्या.

बालपण कसे गेले?

कॅरोलिन यांचा जन्म १७५० मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या एका वादक कुटुंबात झाला. दहाव्या वर्षी आलेल्या टायफसमुळे त्यांची उंची सव्वाचार फुटांवरच खुंटली. मुलगी घरकामातच राहील, असे आईने ठरवून टाकले. १७७२ मध्ये थोरले भाऊ विल्यम यांनी त्यांना इंग्लंडमधील बाथ येथे नेले. तिथे त्या गाणे शिकल्या, मैफलींत गाऊ लागल्या. १७८१ मध्ये विल्यम यांनी युरेनस शोधला आणि दोघांचेही संगीत मागे पडले.

गुलाब कसा सापडला?

विल्यम यांनी दिलेल्या छोट्या दुर्बिणीतून कॅरोलिन १७८२ पासून धूमकेतू शोधू लागल्या. १७८३ मध्ये त्यांना फ्रेंच खगोलविद शार्ल मेसिए यांच्या यादीत नसलेले अनेक पुंजके दिसले. हा गुलाब त्यांपैकीच. एकाच वायुमेघातून जन्मलेले आणि गुरुत्वाकर्षणाने सैल बांधलेले तारे म्हणजे खुला गुच्छ. हा गुच्छ सुमारे ८ हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

मग हा शोध का थांबला?

त्याच वर्षी विल्यम यांची २० फुटी दुर्बीण तयार झाली. ते पाहून वर्णन सांगत, कॅरोलिन नोंदी करत. वर्षाच्या शेवटच्या रात्री बर्फातून धावताना दुर्बिणीच्या लोखंडी आकड्यात अडकून त्यांच्या पायाला मोठी जखम झाली. तरीही हे काम सुटले नाही. सुमारे अडीच हजार तेजोमेघ व गुच्छांची यादी विल्यम यांच्या नावे आहे, नोंदी मात्र बहिणीच्या. भाऊ परगावी असताना त्यांना स्वतःचे निरीक्षण करता येई. १७८६ मधला पहिला धूमकेतू तसाच सापडला. १७९७ पर्यंत ही संख्या ८ झाली.

दखल घेतली गेली का?

१७८७ पासून राजा तिसरा जॉर्ज यांच्याकडून त्यांना वर्षाला ५० पौंड वेतन सुरू झाले. विल्यम यांच्या मृत्यूनंतर त्यांनी सर्व नोंदींची नव्याने मांडणी केली. त्यासाठी १८२८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १८४८ मध्ये, ९७व्या वर्षी हॅनोव्हर येथे त्यांचे निधन झाले.

गुलाब कसा पाहाल?

नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठेची इंग्रजी ‘एम’सारखी आकृती दिसते. तिच्या पश्चिम टोकाच्या ताऱ्याजवळ, अंधाऱ्या जागेवरून, साध्या द्विनेत्रीतून एक धूसर ठिपका दिसतो. तोच हा गुलाब.