पाळकाची कन्या रंगभूमीवर

नाटकात काम करणारी स्त्री म्हटली की आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटावी, असा काळ फार दूर गेलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडातही पुष्कळ धर्मनिष्ठ घरांतून असाच समज रूढ होता. अशा काळात ज्या पाळकाने आपल्या थोरल्या मुलीस रंगभूमीवर जाण्यास मोकळ्या मनाने अनुज्ञा दिली, त्याच्या त्या कन्येचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. तिचे नाव सिबिल थॉर्नडाइक.

सिबिलचा जन्म २४ ऑक्टोबर १८८२ रोजी लिंकनशायर परगण्यातील गेन्सबरो ह्या गावी झाला. पुढे लवकरच तिच्या वडिलांची नेमणूक केंट परगण्यातील रॉचेस्टर येथील कॅथीड्रलात झाली व चारही भावंडे त्या प्राचीन मंदिराच्या सावलीत वाढली. घरी प्रार्थना, मंदिरात गायन आणि उरलेल्या वेळी नाटक, असा त्यांचा दिनक्रम असे. सिबिल व तिचा भाऊ रसेल ही दोघे स्वतःच नाटके रचीत आणि ती होईल तितकी भयंकर व रक्तपाताची असत. पाळकाच्या घरात मुलांनी असले खेळ मांडावेत आणि आईबापांनी ते कौतुकाने पाहावेत, हे आमच्या वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु ह्या घरात उपासना आणि आनंद ह्यांचे वैर नव्हते.

तिची प्रथम निवड मात्र नाटकाची नव्हे, संगीताची होती. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत तिने पियानोचे शिक्षण घेतले व त्यातच नाव मिळवावे, असा तिचा निश्चय होता. परंतु अतिश्रमाने मनगटात आकडी येऊ लागली. ती बरी होईना आणि वर्षांची मेहनत हातातून निसटली. हे दुःख लहान नव्हते. तेव्हा रसेलने तिला आपल्याबरोबर नाटकाच्या शाळेत ओढले. बेन ग्रीट नावाच्या नटाची शेक्सपिअरची नाटके उघड्या मैदानात करणारी मंडळी होती. तिच्यासह सिबिल १९०४ साली अमेरिकेस गेली. तेथे सुमारे तीन वर्षांत तिने शंभरांहून अधिक भूमिका केल्या. उघड्यावर मोठ्याने बोलून बोलून अखेर तिचा आवाज बसला. वैद्यांनी सहा आठवडे एक शब्दही न उच्चारण्याची आज्ञा केली. हात गेला, आता गळाही जातो की काय, अशी धास्ती पडलेल्या त्या तरुणीने तो सारा काळ लिहून बोलण्यात घालविला. मौन तिने तंतोतंत पाळले व आवाज परत आला.

१९०८ साली मँचेस्टर येथील मिस हॉर्निमन ह्यांच्या नाटकमंडळीत असता लुईस कॅसन ह्या नटाशी तिची ओळख झाली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात विवाह झाला. हा संसार साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. त्यांना चार अपत्ये झाली. नटनटींचे संसार टिकत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ह्या जोडप्याकडे अवश्य पाहावे.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. कॅसन सैन्यात गेले आणि थॉर्नडाइकबाई लंडनच्या 'ओल्ड व्हिक' नाट्यगृहात दाखल झाल्या. ह्या नाट्यगृहाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. थेम्स नदीच्या दक्षिणेस गरीब वस्तीत ते होते. गोरगरिबांस दारूच्या गुत्त्यांपासून दूर ठेवावे, त्यांना स्वस्त व निर्मळ करमणूक मिळावी, ह्या हेतूने एमा कॉन्स नावाच्या परोपकारी बाईने ते १८८० साली चालविण्यास घेतले होते. तिची भाची लिलियन बेलिस ही तेव्हा व्यवस्थापक होती. ही बाई मोठी श्रद्धाळू. नाट्यगृहाचे प्रत्येक काम ती प्रार्थनेने करी. तिच्या हाताखाली वेतन अल्प आणि काम उदंड असे. पुरुष नट लढाईवर गेल्यामुळे थॉर्नडाइकबाईंनी नायिकांबरोबरच पुरुषांच्या भूमिकाही केल्या. लिअर राजाचा विदूषक झाल्या, राजपुत्र हॅल झाल्या. लंडनवर बाँब पडत असताही खेळ चालू राहिले. १९१७ साली त्यांचा धाकटा भाऊ फ्रँक युद्धात कामास आला, त्याच वर्षी वडीलही निवर्तले. पदरी चार लहान मुले आणि पती रणांगणावर. तरीही चार वर्षे त्या ओल्ड व्हिकमध्ये काम करीत राहिल्या.

युद्धानंतर त्यांनी युरिपिडीजच्या ग्रीक शोकनाटकांतील हेक्युबा व मिडीआ ह्या भूमिका केल्या. ट्रॉय नगराचा विध्वंस झाल्यावर मुले व नातवंडे गमावलेली वृद्ध राणी हेक्युबा प्रेक्षकांपुढे उभी राहिली, तेव्हा समोर बसलेल्या कित्येक माता स्वतःच पुत्रशोकातून जात होत्या. त्या भूमिकेचा ठसा का उमटला, हे निराळे सांगावयास नको.

१९२२ साली शेलीच्या 'द चेंची' ह्या नाटकात त्यांचे काम पाहून बर्नार्ड शॉ ह्यांनी मनाशी ठरविले की, आपली जोन सापडली. फ्रान्सची ती शेतकरी कन्या १४३१ साली जाळली गेली व १९२० साली तिला रोमन मंडळीने संतपद दिले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. शॉ ह्यांचे 'सेंट जोन' २६ मार्च १९२४ रोजी लंडनला रंगभूमीवर आले. त्या वेळी बाईंचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते आणि जोन तर विशीही न ओलांडलेली! पण रूपाने जे साधले नसते ते श्रद्धेने साधले. जोनचा देवावरील साधा विश्वास ही त्यांना अभिनयाने उसनी आणण्याची वस्तू नव्हती. ती रॉचेस्टरच्या घरातली शिदोरी होती. पहिल्याच वेळी ह्या नाटकाचे २४४ प्रयोग झाले. १९३१ साली त्यांस 'डेम' हा किताब मिळाला.

चित्रपटांत त्यांनी १९२१ पासून काम केले. पण जीव मात्र नाटकात होता. त्यांच्या चित्रपटांपैकी १९२८ चा 'डॉन' हा मूकपट आम्हांस विशेष वाटतो. ईडिथ कॅव्हेल ही देखील पाळकाचीच मुलगी. ब्रसेल्स येथे परिचारिकांची शाळा चालवीत असता तिने दोस्त राष्ट्रांच्या सुमारे दोनशे सैनिकांस पळून जाण्यास साहाय्य केले, म्हणून जर्मनांनी १२ ऑक्टोबर १९१५ रोजी तिला गोळ्या घातल्या. ह्या चित्रपटाने जुना द्वेष पुन्हा पेटेल, अशी जर्मनीची तक्रार झाली. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री चेंबरलेन ह्यांनीही नापसंती दर्शविली व सेन्सॉरने प्रमाणपत्र नाकारले. अखेर लंडनच्या कौंटी कौन्सिलासारख्या स्थानिक संस्थांनी आपल्या अधिकारात परवानगी दिली. बाईंच्या मते तो चित्रपट शत्रूविरुद्ध नव्हता, युद्धाविरुद्ध होता. त्या शांततावादी होत्या. १९३० साली पॉल रोबसन ह्या नीग्रो नटाने लंडनमध्ये ऑथेल्लो केला, तेव्हा त्याच्यासह एमिलियाची भूमिका करण्यास त्या पुढे आल्या, हेही येथे नमूद करणे योग्य.

१९३८ साली 'द कॉर्न इज ग्रीन' ह्या नाटकात त्यांनी वेल्समधील एका शिक्षिकेचे काम केले. ही मिस मॉफट खाणीत राबणाऱ्या एका बुद्धिमान पोराला शिकवून ऑक्सफर्डपर्यंत पोचविते. पुढे दुसरे महायुद्ध आले व १९४० साली खुद्द बाई आणि कॅसन 'मॅक्बेथ' घेऊन वेल्सच्या खाणकामगारांच्या गावोगाव हिंडले. मोठी नाट्यगृहे नव्हती, थाटमाट नव्हता; कामगारांच्या सभागृहांतून शेक्सपिअर सादर झाला आणि खाणीतले लोक तो मन लावून ऐकत. त्याच वर्षी त्यांचा वडील मुलगा जॉन, जो नौदलाचा वैमानिक होता, नॉर्वेच्या किनाऱ्यावर विमान पडून जर्मनांच्या कैदेत गेला व युद्ध संपेपर्यंत तेथेच राहिला. युद्ध हे पाप आहे असे मानणारी माता आणि युद्धात लढणारा पुत्र! हा पेच त्यांनी कसा सोसला असेल, ह्याची कल्पना आमच्या पालकवर्गासच येईल. त्यांनी आपले मत सोडले नाही आणि आपले कामही थांबविले नाही.

पुढील काळातील काही चित्रपट मुलांस मौजेचे वाटतील. 'मेजर बार्बरा' मध्ये (१९४१) त्या मुक्तिफौजेच्या जनरल झाल्या. १९४७ च्या 'निकोलस निकल्बी' मध्ये मात्र त्याच साध्वी बाई, शाळेतल्या उपाशी पोरांना गंधक व काकवी पाजणारी दुष्ट मिसेस स्क्वीअर्स झाल्या! १९५६ साली मॅरिलिन मन्रो ह्या अमेरिकन नटीबरोबर त्यांनी 'द प्रिन्स अँड द शोगर्ल' मध्ये काम केले. मन्रो वेळेवर येत नसे, म्हणून दिग्दर्शक ऑलिव्हिए त्रासून गेले होते. पण चौऱ्याहत्तरीच्या घरातील ह्या बाईंनी तिची बाजू घेतली आणि कॅमेऱ्यापुढे कसे वागावे हे हिलाच कळते, असा निर्वाळा दिला.

पन्नाशीच्या दशकात पतिपत्नी नाट्यवेचे सादर करीत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आफ्रिका असे फिरली. त्या फेरीत ती आपल्या भारतातही येऊन गेली. कॅसन मे १९६९ मध्ये वारले. त्याच वर्षी लेदरहेड येथे बाईंच्या नावाचे नाट्यगृह उघडले आणि सत्त्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी तेथे आपली शेवटची भूमिका केली. सांधेदुखीने चालणे कठीण झाले होते. ज्या संगीताला तारुण्यात मुकावे लागले, ते मात्र घरी सुटले नव्हते. बाखच्या रचना त्यांनी उतारवयापर्यंत वाजविल्या.

२८ फेब्रुवारी १९७६ रोजी ओल्ड व्हिकमध्ये लिलियन बेलिसच्या स्मरणार्थ एक समारंभ झाला. नॅशनल थिएटर मंडळीचा त्या वास्तूतील तो शेवटचा दिवस. त्र्याण्णव वर्षांच्या थॉर्नडाइकबाईंना चाकांच्या खुर्चीतून आत आणले, तेव्हा सारे प्रेक्षागृह उठून उभे राहिले. पुढे ९ जून रोजी लंडन येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत विसावली आहे.