सहीआधी विचारा!

कल्याणला रोज गाडी बदलता ना? याच कल्याणातली यमुना, जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी पोस्टातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं, यमुनाची आनंदी झाली. नऊ वर्षांच्या मुलीला विचारतो कोण? चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहाच दिवस जगलं.

गोपाळरावांना बायकोला शिकवायचा ध्यास होताच. आता आनंदीबाईंनीही डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. बायका पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायला संकोचतात, म्हणून बाईच डॉक्टर हवी, हे त्यांनी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत मांडलं. त्याच वर्षी त्या अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये स्त्रियांचा वॉर्ड त्यांच्यासाठी तयार होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने त्या गेल्या. वय अवघं एकवीस. तुमच्याएवढंच!

आज डॉक्टर बाई सहज भेटतात, बोलणं मात्र अजून राहूनच जातं. उद्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि भुलीचा फॉर्म समोर आला, तर सही कुठे करायची एवढंच विचारू नका. पूर्ण भूल देणार की कमरेतून? धोके कोणते? उपाशी किती तास राहायचं? रोजच्या गोळ्या, अ‍ॅलर्जी, आधीच्या भुलीचा त्रास, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. आणि हे सगळं आईसमोर बोला. शरीर तिचं आहे, होकारही तिचाच हवा.