ताळेबंद नव्हे, रोजकीर्द

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत अधिकारी होतो. नवरा नोकरीत असतानाच वारला, म्हणून त्याच्या जागी एक बाई आमच्याकडे कारकून म्हणून लागल्या. वय तिशीच्या आत, पदरात दोन लहान मुले. लेजरवर मान खाली घालून बसत आणि तिसऱ्या-चौथ्या नोंदीला त्यांचे डोळे भरून येत. शाखेतला जो तो त्यांना धीर देई. दिवस जातील, मुलांकडे पाहा, अमक्या बाईने बघा कसे दिवस काढले. त्या मान हलवीत. उपयोग शून्य. शेवटी माझ्या पत्नीने माझ्या डब्याच्या पिशवीतून त्यांच्यासाठी एक पुस्तक पाठवले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या मनू गोखले. वडिलांचे सोवळे असे कडक, की त्यापायी सारे घर गांजून गेलेले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीचे अकराव्या वर्षी लग्न झाले, ते नारायण वामन टिळकांशी. पुढे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले, तेच हे टिळक. बुद्धी तीव्र, मन उदार, पण स्वभाव तापट आणि पायाला भिंगरी. केव्हा नोकरी सोडतील, केव्हा न सांगता घरातून निघून जातील, नेम नसे. घरात चार दाणे आहेत की नाहीत, याची फिकीर त्यांनी कधी केली नाही. ती केली लक्ष्मीबाईंनी. त्यातच पोटची मुले गेल्याचे दुःख. पण टिळकांनी एक मोठी गोष्ट केली होती. बायकोला त्यांनी घरीच अक्षरओळख करून दिली.

१८९५ साली वीज कोसळली. टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी याचा अर्थ एकच होता. नवरा जिवंत असून संसार संपला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरात काढला. दुःखाने वेड लागायची पाळी आली. लोक कीव करीत, कुजबुजत, सल्ले देत. अशी जवळजवळ पाच वर्षे गेली. टिळकांची पत्रे मात्र येत राहिली आणि लक्ष्मीबाईंचा त्यांच्यावरचा जीवही आटला नाही.

त्या परतल्या त्या आपल्या नगरला. टिळक तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. पण परतल्या म्हणजे लगेच धर्म बदलला असे नव्हे. आपले पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. नवऱ्याजवळ राहायचे आणि सोवळेही सांभाळायचे, ही तारेवरची कसरत. राहुरीच्या मुक्कामात त्यांच्या मनात प्रश्न उठू लागले. माणसाला जात देवाने दिली, की माणसानेच केली? उत्तर त्यांनी कोणाकडून उसने घेतले नाही. स्वतःला पटले, तेव्हा आधी शिवाशिव टाकली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय कोणाला मान्य होवो न होवो, तो त्यांचा स्वतःचा होता. त्या काळातल्या किती बायकांना एवढे म्हणता आले असते?

मग ज्या हातांनी आयुष्यभर सोवळे पाळले, तेच हात नगरच्या प्लेगात रोग्यांच्या शुश्रूषेला लागले. पोरक्या मुलांना त्यांनी घरात घेतले. बालकवी ठोमरे याच घरात राहून गेले. तुटलेला संसार पुन्हा मांडताना त्यांनी तो पहिल्यापेक्षा मोठा मांडला.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय एक्कावन्नच्या घरात. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-एक अध्यायांवर थांबले होते. जोडाक्षरांशी सदैव झटापट करणाऱ्या या बाईने पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. कधी मुंबईला, कधी मुलासोबत कराचीला, असे बिऱ्हाड हलत राहिले. शेवटी मुलाच्या आग्रहावरून आठवणी लिहायला घेतल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. विजया मेहतांनी १९८२ साली त्यावर केलेला चित्रपट अनेक वाचकांना आठवत असेल.

या पुस्तकात विशेष काय? मी बँकेतला माणूस, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. यशाच्या बहुतेक कथा म्हणजे ताळेबंद असतात. वर्षअखेरची झळझळीत रक्कम दाखवायची, मधले दिवस गाळायचे. लक्ष्मीबाईंनी रोजकीर्द लिहिली. आज पीठ संपले, आज नवरा रुसून गेला, आज आपलीच फजिती झाली, अशी रोजची नोंद. दुःख लपवले नाही, मिरवलेही नाही. आणि जिथे रडावे तिथे स्वतःला हसून घेतले. दुसऱ्याच्या यशाने माणूस कधी कधी दिपून जातो, खचतोही. पण दुसऱ्याचा मंगळवार कसा गेला हे कळले, की आपला बुधवार ढकलायला बळ येते.

महिन्याभराने आमच्या शाखेतल्या त्या बाईंनी पुस्तक परत आणले. त्याला त्यांनी खाकी कव्हर घातले होते. धीर आला का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ते काही सांगता येणार नाही, पण नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, वाचताना दोनदा हसू आले. मुलांनी विचारले, आई, काय झाले?

पुढे त्यांनी बँकेच्या परीक्षा दिल्या, अधिकारी झाल्या. ते श्रेय त्यांच्या कष्टांचे, पुस्तकाचे नव्हे. नगरचे आता अहिल्यानगर झाले. माझे केस पांढरे झाले. ती प्रत अजून आमच्या कपाटात आहे. खाकी कव्हर मी काढलेले नाही.