सुरुंगाला शिस्त लावणारा शास्त्रज्ञ : आल्फ्रेड नोबेल

आमच्या बोरीच्या शिवारात विहीर खोदताना माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. तेथे कुदळ चालत नाही, सुरुंगच लावावा लागतो. माझे वडील हे काम करीत असत. मी पाचवीत असताना एका विहिरीत लावलेल्या पाच सुरुंगांपैकी चारच उडाले. ठेकेदार काठावरून घाई करीत होता. वडील लगेच खाली उतरले आणि राहिलेल्या छिद्रात त्यांनी पहार घातली. त्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. नोबेल हे नाव ऐकले की इतरांना पारितोषिक आठवते. मला ती विहीर आठवते. म्हणूनच या शास्त्रज्ञाचे चरित्र मी मुद्दाम वाचले.

आल्फ्रेड नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे झाला. वडील इमॅन्युएल कल्पक होते, पण त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. पुढे हे कुटुंब रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे आल्फ्रेड यांचे शिक्षण घरीच शिक्षक ठेवून झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही; तरीही तरुणपणीच त्यांना पाच भाषा अवगत होत्या. रसायनशास्त्राइतकीच त्यांना साहित्याची गोडी होती आणि ते कविताही लिहीत, ही गोष्ट आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८४७ मध्ये इटलीतील सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन हा द्रव शोधला. बंदुकीच्या काळ्या दारूपेक्षा तो कितीतरी जोरदार होता. पण नुसता धक्का लागला तरी उडे. त्याला ताब्यात आणण्याचा ध्यास नोबेल यांनी घेतला. छोटा स्फोट करून त्याच्या धक्क्याने मोठा स्फोट घडवायचा, ही युक्ती त्यांनी १८६३ मध्ये काढली. तीच पुढे स्फोटाची टोपी, म्हणजे डिटोनेटर, झाली.

या कामाची किंमत त्यांच्या घरानेच मोजली. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील त्यांच्या कार्यशाळेत भीषण स्फोट झाला. त्यात इतरांबरोबर धाकटा भाऊ एमिल ठार झाला. तो अवघा वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा. शहरात प्रयोगांना बंदी आली, तेव्हा नोबेल यांनी सरोवरात नांगरलेल्या पडावावर काम चालू ठेवले. परंतु द्रव वाहून नेताना देशोदेशी अपघात होतच राहिले. १८६६ मध्ये जर्मनीतील त्यांचा स्वतःचा कारखानाही उद्ध्वस्त झाला.

अखेर किसेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत हा द्रव जिरवला तर तो बराच सुरक्षित होतो, असे त्यांना आढळले. त्याच्या कांड्या वळता येत आणि त्या टोपीवाचून सहसा उडत नसत. हेच डायनामाइट. त्याचे पेटंट १८६७ मध्ये मिळाले. १८७५ मध्ये त्यांनी स्फोटक जिलेटीन शोधले. नायट्रोग्लिसरीनयुक्त स्फोटकांवर भारतात २००४ पासून बंदी आहे. तरी आमच्याकडे सुरुंगाच्या कोणत्याही कांडीला लोक जिलेटीनच म्हणतात.

स्फोटक वेगळे आणि त्याला उडवणारी टोपी वेगळी, ही नोबेल यांची खरी देणगी आहे असे मला वाटते. आजचे कितीतरी नियम याच विचारावर उभे आहेत. टोप्या आणि कांड्या एका पेटीत ठेवू नयेत. सुरुंग ठासताना लोखंडी पहार न वापरता लाकडी दांडा वापरावा. वातीचा सुरुंग उडाला नाही, तर निदान अर्धा तास कोणी जवळ जाऊ नये आणि जुन्या छिद्रात पुन्हा काही घालू नये. भारतात स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे, नवे नियम २००८ चे आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे.

नोबेल अविवाहित राहिले. ३५५ पेटंटे आणि अफाट संपत्ती त्यांनी मिळवली. युद्धात वापरली जाणारी दारूही त्यांनी बनवली, हे विसरता येत नाही. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी त्यांनी मृत्युपत्रावर सही केली आणि बहुतेक संपत्ती पारितोषिकांसाठी ठेवली. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. १९०१ पासून पारितोषिके सुरू झाली. १९१३ मध्ये साहित्याचे पारितोषिक रवींद्रनाथ टागोरांना मिळाले.

हे चरित्र मी वडिलांना वाचून दाखवले. अर्धा तास थांबण्याचा नियम त्यांना ठाऊक होता का, असे मी भीतभीतच विचारले. त्यांना तो चांगला ठाऊक होता. पण थांबले असते तर त्या दिवसाची मजुरी बुडाली असती. स्फोटकाला शिस्त लावण्यासाठी नोबेल यांनी आयुष्य वेचले. विहिरीच्या काठावर उभे राहून घाई करणाऱ्याला शिस्त लावण्याचे काम मात्र अजून बाकी आहे, आणि ते आपल्यासारख्या शिकलेल्यांनी केले पाहिजे.