विश्लेषण : रानडुकरांवर रायफल हाच उपाय? जिम कॉर्बेट यांनी शेताभोवती भिंत का बांधली?

भात निसवू लागले की मावळात रात्रीची राखण सुरू होते. वलवणच्या धरणाकडची खाचरे असोत की कार्ल्याकडची, डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, बॅटरी फिरवायची आणि तरीही सकाळी एका कोपऱ्यातले पीक लोळवलेले बघायचे. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी विषय काढतोच: परवाना काढून स्वस्तातली एखादी बोल्टची रायफल घेतली तर? हाच प्रश्न जिम कॉर्बेट यांच्यापुढेही होता. नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण ते एका गावाचे मालक होते आणि तिथल्या गव्हाची रानडुकरे नासाडी करत, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

पहिली बंदूक कशी होती?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर होते. जिम जेमतेम सहा वर्षांचा असताना ते गेले. मोठे कुटुंब, बेताचा पैसा. उन्हाळा नैनितालला आणि थंडी खाली तराईतल्या कालाढुंगीला, असे त्यांचे वर्ष जाई. त्या रानात जिम आधी गलोल घेऊन फिरला, मग धनुष्यबाण आणि त्यानंतर बंदूक.

ही बंदूक म्हणजे दोन नळ्यांची ठासणीची. एका नातेवाइकाला कुमाऊँच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहायचे होते. पक्षी आणून देण्याच्या बदल्यात त्याने ती जिमला दिली. तिची उजवी नळी जास्त दारू भरल्याने फाटलेली होती आणि दस्ता नळीला पितळी तारेने बांधलेला होता. म्हणजे कामाची नळी एकच. एक बार झाला की पुन्हा दारू ठासा, बोळा घाला, छरे भरा. तोवर समोरचे जनावर थांबत नाही. त्यामुळे जनावराच्या आधी आपण त्याला पाहायचे, अगदी जवळ जायचे आणि खात्री असेल तरच चाप ओढायचा, ही सवय मुलाला लागली. पुढे शाळेच्या कॅडेट पथकात एक मार्टिनी रायफल उसनी मिळाली. खांद्याला जबर झटका देणाऱ्या त्या एकबारी रायफलीने त्यांनी पहिला बिबट्या मारला.

शिक्षण लांबवण्याइतकी घरची ऐपत नव्हती. विशीच्या आतच ते रेल्वेत इंधन निरीक्षक झाले. नंतर गंगेकाठी मोकामा घाट इथे माल एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत चढवण्याचे कंत्राट त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ चालवले. शिकार हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा कधीच नव्हता.

चंपावतला बंदुकीने दगा कसा दिला?

१९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारायला ते गेले. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे तिच्या नावावर होती. कॉर्बेट यांच्याकडे जड, दोन नळ्यांची रायफल होती, पण काडतुसे तीनच. ती संपली तरी जखमी वाघीण उभीच होती. तेव्हा त्यांनी तहसीलदाराची जुनी बंदूक घेतली. तिची नळी आणि मागचा भाग यांच्यात चक्क फट पडलेली. उघड्या जबड्यावर नेम धरून अगदी जवळून बार काढला, तर गोळी लागली पंजाला! वाघीण मेली ती आधीच्या गोळ्यांनी.

हत्याराची निगा म्हणजे काय, हे सांगायला यापेक्षा चांगला दाखला सापडणार नाही. नेम कितीही अचूक असला तरी खिळखिळी बंदूक गोळी भलतीकडेच टाकते.

मग ती प्रसिद्ध रायफल कोणती?

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, पॉइंट २७५ बोअरची, जर्मनीच्या माउझर पद्धतीच्या बोल्टची. तिचे काडतूस म्हणजे माउझरचेच ७ मिलिमीटरचे. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा: वर उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलला की खालून नवे नळीत जाते आणि खाली दाबला की पक्के बसते. हलणारे भाग कमी, बिघाडही कमी. त्या काळातल्या हाताने जुळवलेल्या दोन नळ्यांच्या रायफलींच्या मानाने बोल्टची रायफल बरीच स्वस्त पडे. वाघासाठी ती हलकीच, जाणकार शिकारी नाक मुरडतील अशी.

पण कॉर्बेट यांनी ती वर्षानुवर्षे वापरली आणि ती हाताच्या सवयीची झाली. १९२६ मध्ये केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर १२५ बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या तिच्याच गोळीने पडला. रायफलीला टॉर्च बांधून ते आंब्याच्या झाडावर बसले होते. गोळी सुटली आणि थोड्याच वेळात टॉर्चही विझला. १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी गाठ पडली तेव्हा त्यांच्या एका हातात रातव्याची दोन अंडी होती. वाघीण काही फुटांवर बसलेली. घाईची हालचाल करणे शक्य नव्हते. त्यांनी एकाच हाताने रायफल हळूहळू वळवत नेली आणि चाप ओढला. जड रायफलीने हे जमले नसते. अंडी मात्र शाबूत राहिली.

आज परवान्यावर काय मिळते?

सर्वसामान्य परवानाधारकाला परवडणारी बोल्टची रायफल म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची पॉइंट ३१५. पोलिसांकडची थ्री नॉट थ्री लोकांना ओळखीची, पण तो बोअर सामान्य माणसाला बंद आहे. पॉइंट ३१५ ची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात, म्हणजे लोणावळा-पुणे लोकलच्या वाटेवरच.

पण परवाना कशासाठी मागता, हा मुद्दा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे, कॉर्बेट यांनी लहानपणी हाताळली त्याच जातीचे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफलीचा त्या तरतुदीत उल्लेख नाही. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार ती वेगळी, वनखात्याकडून आणि लेखी घ्यावी लागते. ती नसेल तर पीक वाचवायला गेलेला शेतकरीच आरोपी होतो.

समजा, रायफल हाती आली. तरी ती दुकानातून आणल्याबरोबर नेम धरत नाही. दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का, दस्ता कुठे नळीला अडतो का, चाप झटका न देता सुटतो का, हे परवानाधारक कारागिराकडून पाहून घ्यावे लागते. मग अधिकृत रेंजवर, टेकू देऊन, ठरावीक अंतरावर, एकाच प्रकारच्या काडतुसांनी तीन-तीन गोळ्या मारायच्या. त्या एकत्र पडल्या पण बाजूला पडल्या, तर माशी सरकवून नेम जुळतो. विखरून पडल्या तर दोष रायफलीत आहे किंवा हातात, माशी सरकवून उपयोग नाही. काडतूस बदलले की हे सगळे पुन्हा.

आणि रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्याही पुढे जाते. कुमाऊँच्या ओसाड दरीत ते चालून जाई. वलवणला एका बाजूला द्रुतगती मार्ग, दुसरीकडे जुना रस्ता आणि रेल्वे, मध्ये बंगले आणि पर्यटक. रात्रीच्या अंधारात इथे रायफल चालवणे म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे.

रायफल असूनही भिंत का?

कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे पडीक गाव कॉर्बेट यांनी १९१५ च्या सुमारास विकत घेतले आणि तिथे कुळे वसवली. शेत पिकू लागले, तशी रानडुकरे आणि साळिंदरे येऊ लागली. काटेरी कुंपण घातले, ते डुकरांनी भेदले. घरात देशातला सर्वात नावाजलेला नेमबाज होता, पण एक माणूस रात्रभर किती बांधांवर बसणार? शेवटी कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी यांनी स्वतःच्या पैशाने गावाभोवती दगडी भिंत घालायला घेतली. पुरुषभर उंच, काही किलोमीटर लांब. पैसा हातात येईल तसे काम पुढे सरके, त्यामुळे ती पुरी व्हायला सुमारे दहा वर्षे गेली.

मावळात असा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही, हे उघडच आहे. पण पाच-दहा खाचरांनी मिळून जाळीचे किंवा वनखात्याच्या योजनेतले सौर कुंपण घालणे रायफल, काडतुसे आणि दरवेळच्या परवानगीपेक्षा हिशेबात बसते. वीजवाहिनीची तार थेट कुंपणाला जोडणे हा मात्र गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मरतात.

रायफलीचे पुढे काय झाले?

वय वाढले तसा कॉर्बेट यांच्या हाती रायफलीपेक्षा सिने कॅमेरा जास्त दिसू लागला. १९३६ मध्ये झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानामागे त्यांचाही प्रयत्न होता. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नरभक्षकांवरचे त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढले. १९४७ च्या अखेरीस ते मॅगीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे वारले. रिग्बी रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे गेली आणि २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनेच ती परत विकत घेतली. छोटी हल्द्वानीची भिंत जागोजागी अजून उभी आहे.