स्वच्छ आवाजाचा ध्यास : मेजर एडविन आर्मस्ट्राँग



घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारून पहा, पूर्वी पावसाळ्यात रेडिओ कसा ऐकू येत असे? आभाळात वीज चमकली की रेडिओत खर्रकन आवाज व्हायचा आणि नेमकी बातमी किंवा गाण्याचा अंतरा त्यात बुडून जायचा. शेजारी कोणी मिक्सर लावला तरी तीच गत. आज तुम्ही मोबाईलवर किंवा गाडीत एफ.एम. लावता, तेव्हा ही खरखर जवळजवळ नसते. असे स्वच्छ प्रसारण ज्यांनी घडवले त्या मेजर एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. चंद्रावर उतरलेले आर्मस्ट्राँग वेगळे. या अंकात आम्ही या रेडिओवाल्या आर्मस्ट्राँग यांची ओळख करून देत आहोत.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आई शिक्षिका होती आणि वडील पुस्तक प्रकाशनाच्या व्यवसायात होते. लहानपणी त्याला एक आजार झाला, ज्यात हातापायांना व चेहऱ्याला आपोआप झटके येतात. त्यामुळे सुमारे दोन वर्षे शाळा सुटली व अभ्यास घरीच झाला. आजार गेला, पण चेहऱ्याला व खांद्याला झटका येण्याची सवय जन्मभर राहिली. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स या गावी राहायला आले. वडिलांनी लंडनहून आणलेल्या एका पुस्तकात त्याने मार्कोनीच्या बिनतारी संदेशाची हकीकत वाचली आणि आपणही संशोधकच व्हायचे, असे ठरवून टाकले. माळ्यावरच्या खोलीत तारा, बॅटऱ्या व कॉईल यांचा पसारा मांडला गेला. १९१० साली त्याने घराच्या आवारात सुमारे १२५ फूट उंचीचा ॲन्टेनाचा खांब उभारला. उंचीची भीती म्हणून त्याला ठाऊकच नव्हती.

कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना त्याच्या हाती ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली बनवलेली निर्वात नळी आली. आम्ही हिंदी माध्यमात हिला निर्वात नलिका म्हणत असू, आणि दुकानदार सरळ व्हॉल्व्ह म्हणत. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. आत एक तापणारी तार, समोर प्लेट आणि दोघांच्या मध्ये ग्रिड नावाची जाळी असते. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि वाटेतली जाळी त्यांना अडवते किंवा सोडते. कालव्याच्या दारावर बसलेला माणूस चाक थोडेसे फिरवतो आणि पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो, तसेच हे. जाळीवर आलेला क्षीण संदेश प्लेटकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाला हलवतो. यालाच प्रवर्धन किंवा ॲम्प्लिफिकेशन म्हणतात.

नळी बाजारात आलेली होती, पण ती नेमकी कशी चालते हे फारसे कोणाला कळलेले नव्हते. या विद्यार्थ्याने ते मोजून पाहिले. १९१२ साली त्याच्या लक्षात आले की प्लेटवरच्या मोठ्या झालेल्या संदेशाचा थोडा भाग परत जाळीला दिला, तर तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा परत येतो आणि असे होत होत हजारो पट वाढतो. समुद्रापलीकडची केंद्रे त्याच्या खोलीत ऐकू येऊ लागली. परतावा आणखी वाढवला, तर नळी स्वतःच लहरी निर्माण करते हेही त्याला दिसले. म्हणजे एकाच जोडणीतून उत्तम ग्राहकही मिळाला आणि प्रक्षेपकही.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आधी पदवी घे, मग पेटंटला पैसे देतो, असे वडिलांनी सांगितले. तेव्हा मामांच्या सल्ल्याने एडविनने आपल्या जोडणीची आकृती काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीची मोहोर करून घेतली. पेटंटचा अर्ज मात्र ऑक्टोबर उजाडल्यावर गेला. पुढे डी फॉरेस्ट यांनी हा शोध आपलाच म्हणून दावा केला आणि खटला वर्षानुवर्षे चालला. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधासाठी आर्मस्ट्राँग यांना पूर्वी सुवर्णपदक दिले होते. निकालानंतर ते पदक परत करायला ते स्वतः गेले. संस्थेने ते परत घेतले नाही आणि सर्व सभासदांसमोर त्यांचा मान कायम ठेवला. निकाल न्यायालयाचा होता, पण शोध कोणाचा हे जाणकारांना ठाऊक होते.

मधल्या काळात पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन दलात पॅरिसला होते. मेजर हे पद तिथलेच. १९१८ साली तिथे त्यांनी सुपरहेटरोडाइन ही पद्धत शोधली. पुढची कित्येक दशके जगातले बहुतेक रेडिओ व टी.व्ही. संच याच पद्धतीने बनत गेले. पेटंटांमुळे ते श्रीमंत झाले आणि आर.सी.ए. या बलाढ्य रेडिओ कंपनीचे त्यांच्याकडे मोठ्या संख्येने शेअर आले. १९२३ साली त्यांनी मॅरियन मॅकिनिस यांच्याशी विवाह केला. कंपनीचे प्रमुख अधिकारी डेव्हिड सार्नॉफ यांच्या त्या सचिव होत्या. सार्नॉफ आणि आर्मस्ट्राँग जुने मित्र. खरखर घालवणारी एखादी युक्ती मिळावी, अशी सार्नॉफ यांचीही इच्छा होती.

आता मुख्य शोधाकडे येऊ. जुन्या ए.एम. पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त होते. विजेचा कडकडाटही ताकदच बदलतो, म्हणून दोन्ही मिसळतात. आर्मस्ट्राँग यांनी ताकद तीच ठेवून लहरीची आवृत्ती, म्हणजे दर सेकंदाची कंपने, बदलायची असे ठरवले. सतारीचे उदाहरण घ्या. एकच स्वर जोरात व हळू छेडणे ही झाली ए.एम., आणि तार ओढून मींड घेणे ही झाली एफ.एम. ग्राहक यंत्र फक्त मींड ऐकते, जोर किती हे पाहतच नाही. मग ताकदीत आलेली खरखर छाटून टाकता येते. एफ.एम. चा फायदा नाही असे गणिताने दाखवलेले होते, पण ते गणित अरुंद पट्ट्याचे होते. आर्मस्ट्राँग यांनी पट्टा मुद्दाम रुंद ठेवला आणि तिथेच यश मिळाले. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना पेटंटे मिळाली. १९३४ साली एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्या झाल्या आणि शंभर किलोमीटरहून दूर, वीज कडाडत असतानाही आवाज निर्मळ आला. तरीही १९३५ साली कंपनीने त्यांना तिथून यंत्रे हलवायला सांगितले. कंपनीला तेव्हा टी.व्ही. त पैसा घालायचा होता, शिवाय चालू रेडिओचा धंदा उलटापालटा होणे तिला नको होते. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांसमोर प्रयोग केला. याँकर्सहून मित्राच्या केंद्रातून पेल्यात पाणी ओतल्याचा व कागद चुरगळल्याचा आवाज आला आणि सभागृह थक्क झाले.

तरीही कोणी केंद्र उभारीना. तेव्हा स्वतःच्या खिशातून उभारायचे असे त्यांनी ठरवले. न्यू जर्सीतील आल्पाइन येथे हडसनकाठच्या उंच कड्यावर चारशे फुटांहून उंच, तीन आडव्या बाहूंचा मनोरा उभा राहिला. तीन लाख डॉलरहून अधिक खर्च झाला, त्यासाठी त्यांनी शेअर विकले. १९३९ साली हे केंद्र पूर्ण शक्तीने सुरू झाले. आवृत्ती ४२.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे ७ मीटरची लहर, आणि शक्ती ४० किलोवॅटच्या घरात.

४० किलोवॅट म्हणजे १०० वॅटचे ४०० दिवे. एवढी शक्ती या आवृत्तीवर नळीतून काढणे सोपे नसते. आर्मस्ट्राँग यांच्या पद्धतीत सुरुवात स्फटिकाच्या अगदी क्षीण, पण स्थिर लहरीपासून होते. तिच्यात आवाजाचा बारीकसा फरक घालतात, मग एकामागून एक नळ्यांतून आवृत्तीतला तो फरक काही हजारपट करतात, आणि शेवटी एकीपेक्षा एक मोठ्या नळ्यांच्या पायऱ्यांनी शक्ती वाढवत नेतात.

या शेवटच्या पायरीत एफ.एम. चा एक गुण उपयोगी पडतो. ए.एम. मध्ये ताकदीच्या चढउतारातच आवाज असतो, म्हणून ॲम्प्लिफायरने तो चढउतार जसाच्या तसा राखावा लागतो. एफ.एम. ची ताकद स्थिर, त्यामुळे नळीला प्रत्येक कंपनात थोडाच वेळ वाहू देऊन बाकीचा वेळ विश्रांती देता येते. झोका जसा योग्य क्षणी एकेक धक्का देऊन चालू ठेवतात, तसे कॉईल व कंडेन्सरचे मंडल त्या धक्क्यांवर अखंड डोलत राहते. अशा रीतीने दिलेल्या विजेपैकी साधारण ७० टक्के लहरीत उतरते. तरीही ४० किलोवॅट बाहेर काढायला सुमारे ५७ किलोवॅट आत द्यावे लागतात, आणि उरलेले १७ किलोवॅट नळीच्या प्लेटवर उष्णता होऊन बसतात. खोली तापवणारे एक किलोवॅटचे १७ हीटर एका जागी लावल्यासारखे! म्हणून अशा मोठ्या नळ्यांच्या प्लेटभोवती पाणी खेळवत. प्लेटवर हजारो व्होल्ट असल्याने पाणी शुद्ध हवे आणि लांब रबरी नळीतून फिरवायला हवे, नाहीतर वीज पाण्यातूनच पळून जाईल.

दुसरी अडचण नळीच्या आतच असते. जाळी व प्लेट जवळजवळ असल्याने थोडी वीज आपोआप मागे जाळीकडे झिरपते आणि ॲम्प्लिफायर स्वतःच लहरी काढू लागतो. पाहा, ज्या परताव्याच्या शोधाने आर्मस्ट्राँग यांची कीर्ती झाली, तोच येथे बेबंद होऊन त्रास देतो. त्याला आवरण्यासाठी तेवढाच, पण उलट दिशेचा अंश छोट्या कंडेन्सरमधून जाळीला देऊन दोन्ही एकमेकांत फेडून टाकतात. शिवाय या आवृत्तीवर वीतभर तारही कॉईलसारखी वागते आणि प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठभागावरून जातो. म्हणून जाड तांब्याच्या नळ्या व आखूड जोडण्या वापराव्या लागतात. (आमच्या विद्यार्थ्यांनी हे फक्त समजून घ्यावे, करून पाहू नये. असे व्होल्टेज जीव घेते, आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे.)

१ जानेवारी १९४१ पासून अमेरिकेत एफ.एम. चे व्यापारी प्रसारण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात आर्मस्ट्राँग यांनी आपली पेटंटे सैन्याला मोबदल्याशिवाय वापरू दिली. पण १९४५ साली सरकारी आयोगाने एफ.एम. ला जुन्या पट्ट्यातून उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये नेले. लोकांच्या घरातले लाखो संच आणि सर्व प्रक्षेपक निकामी झाले. आर.सी.ए. ने पेटंटासाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले होते. इतर कंपन्या नियमाने स्वामित्वधन देत असता एकीलाच सवलत कशी द्यायची, म्हणून त्यांनी ते नाकारले. १९४८ साली त्यांनी कंपनीवर दावा लावला. दावा लांबत गेला, १९५० मध्ये पेटंटांची मुदत संपली, पैसा आटला, प्रकृती ढासळली. १९५३ च्या नोव्हेंबरात घरात भांडण होऊन त्यांनी पत्नीवर हात टाकला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. आकृतीवर मोहोर करून घेतली त्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षे झाली होती.

हा भाग गाळावा का, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. शेवटी लिहायचे ठरवले, कारण थोरांची चरित्रे अर्धी सांगितली तर मुले चुकीचा धडा घेतात. आर्मस्ट्राँग यांचे म्हणणे बरोबर होते, पण ते बरोबर असण्याच्या ओझ्याखाली एकटे पडले. ती रात्र टळली असती, तर पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले असते. मॅरियनबाईंनी सगळे दावे पुढे चालवले. त्याच वर्षाच्या अखेरीस आर.सी.ए. ने सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि १९६७ मध्ये शेवटचा दावाही बाईंनीच जिंकला. आल्पाइनचा मनोरा आजही उभा आहे. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा काही टी.व्ही. केंद्रांना तात्पुरता आसरा त्यानेच दिला. आपल्या देशात २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला एफ.एम. सुरू झाले आणि २००१ मध्ये खाजगी एफ.एम. आपल्या इंदूरला आले.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की पुस्तकात लिहिले आहे म्हणून थांबू नका, मोजून पहा, आणि जे पाहिले ते तारखेसह वहीत लिहा. मन जड झाले तर गप्प बसू नका. आई-बाबा, ताई, दादा, शिक्षक, कोणालाही सांगा, आमच्या कार्यालयाचे दारही उघडे आहे. पालकांनी मुलाचा पसारा पाहून रागावण्यापूर्वी याँकर्सचा तो माळा आठवावा. आणि विश्वस्त मंडळींना नम्र विनंती की प्रयोगशाळेच्या खर्चाकडे पाहताना हे लक्षात असू द्यावे, की एफ.एम. कडे नेणारी वाट एका विद्यार्थ्याला नळी हाताळायला मिळाली तिथूनच सुरू झाली.